रिटायर झालात? पहिल्या वर्षात या चुका टाळा

रिटायर झाल्यावरचा पहिला सोमवार मजेत गेला, तो आता नीट आठवतही नाही. आठवतो तो साधारण चौथ्या महिन्यातला एक सोमवार. सवयीने साडेपाचला जाग आली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पेपर वाचून संपवला आणि घड्याळात बघतो तर आठ वीस. आता पुढे काय? आणि त्या क्षणी लख्ख जाणवलं की आज मी कुठेच पोचलो नाही तरी कुणाचाही फोन येणार नाही, की अहो कुठे आहात, सगळे खोळंबलेत. ३४ वर्षं मला त्याच फोनचा वैताग यायचा.

हे लिहितोय ते त्या सोमवारासाठी. पैशांचं प्लॅनिंग लोक करतात, निदान त्याबद्दल बोलतात तरी, पण या दुसऱ्या भागाबद्दल कुणी काही सांगत नाही आणि मग माणूस घरात एकटाच विचार करत बसतो की सगळं तर व्यवस्थित आहे, मग मला बरं का वाटत नाहीये. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात, काही माझ्या बरोबरच्यांनी करताना जवळून बघितल्यात.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की हा तुमचा कमकुवतपणा आहे. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी केली होती आणि त्या प्रत्येकाशी जुळवून घेताना माणसाला किती ताण पडतो त्याचे मार्क दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, आणि रिटायरमेंट ४५. म्हणजे जवळजवळ लग्नाइतकाच मोठा बदल! लग्नाआधी आपण महिनोन्महिने बोलत असतो, तयारी करत असतो आणि इथे एक निरोप समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप जमेल असं धरून चालतो.

मोठी सुट्टी लागलीय असं समजणं

सुट्टी छान वाटते कारण ती संपणार असते. न संपणाऱ्या सुट्टीत तीच गोष्ट वेगळी लागते, आणि हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत कळत नाही कारण तेव्हा खरंच भारी वाटत असतं, झोप पूर्ण होते, राहिलेली कामं होतात, फिरणं होतं. रॉबर्ट अ‍ॅचली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात रिटायरमेंटचे टप्पे मांडले त्यात या काळाला त्याने हनिमूनच म्हटलंय. त्यानंतर येतो भ्रमनिरास, आणि त्याच्यापुढे हळूहळू नवी घडी बसते. सगळ्यांचं याच क्रमाने होतं असं नाही, कुणाचा हनिमून वर्षभर टिकतो तर कुणाला तो लागतच नाही. पण मधला उतार हा वाटेतला टप्पा आहे, मुक्काम नाही, एवढं जरी मला आधी माहीत असतं तरी त्या चौथ्या महिन्यात मी इतका घाबरलो नसतो.

याच उतारावर लोक मोठे निर्णय घेऊन टाकतात आणि ते मात्र परत फिरवता येत नाहीत. राहतं घर विकून मुलांच्या गावाला जायचं, हातात आलेली एकरकमी रक्कम कुणाच्या तरी धंद्यात घालायची, नाहीतर रिकामं बसवत नाही म्हणून हातात पडेल ते दुसरं काम धरायचं. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं एक वर्ष यातलं काहीही करू नका. गाव बदलायचंच असेल तर आधी तिथे दोन-तीन महिने भाड्याने राहून बघा, आणि सुट्टीच्या मोसमात नको, एरवीच्या दिवसांत, जेव्हा मुलं आपापल्या कामाला जातात आणि तुम्ही दुपारभर घरात एकटे असता.

नोकरीने फक्त पगार दिला असं मानणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, बाकीच्या बहुतेक इथूनच फुटतात.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल म्हणून एक गाव होतं, सगळं गाव एकाच कापडगिरणीवर चालायचं. ती गिरणी बंद पडली. मग मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिथे अभ्यासाला गेले, तो १९३३ मध्ये छापून आला. आपल्याला वाटेल की हातात एवढा वेळ आल्यावर लोक वाचत असतील, पण गावच्या लायब्ररीतून पुस्तकं नेणं उलट कमी झालं होतं. अभ्यासकांनी तर मुख्य रस्त्यावरून लोक किती वेगाने चालतात तेही मोजलं. पुरुष हळू चालायचे, मधेमधे थांबायचे, उगाच उभे राहायचे, आणि बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालायच्या कारण त्यांना घरी काम होतं. कित्येक पुरुषांनी तर घड्याळ जवळ बाळगणंच सोडून दिलं होतं.

ती बेकारी होती, खायची भ्रांत होती, त्यामुळे आपल्या रिटायरमेंटशी सरळ तुलना करणं बरोबर नाही हे मला कळतं. पण ते घड्याळाचं वाचलं आणि मी आपोआप मनगटाकडे बघितलं. माझं घड्याळ दोन महिने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं.

पुढे याहोडाबाईंनी मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी नियमित संबंध, आपल्या एकट्याच्या पलीकडच्या कामात वाटा, समाजात एक ओळख, आणि रोज हातपाय हलवायला लावणारं काहीतरी काम. आता एक करा, कागद घ्या, या पाच ओळी लिहा आणि प्रत्येकीसमोर आज तुमच्याकडे काय आहे ते लिहा. मी लिहायला बसलो तेव्हा तीन ओळी कोऱ्या राहिल्या. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं, कारण 'मला बरं वाटत नाही' याला औषध सापडत नाही, 'आठवड्यात घराबाहेरच्या एकाही माणसाशी दहा मिनिटं बोललो नाही' यावर मात्र काहीतरी करता येतं. शिवाय या पाच गोष्टी एकाच ठिकाणी मिळायला हव्यात असंही नाही, नोकरीत त्या एकत्र गाठोडं बांधून मिळत होत्या, आता एकेक वेगवेगळ्या जागेवरून गोळा करायची.

जुन्या ऑफिसात चकरा मारणं

मी गेलो होतो, दोनदा. पहिल्या वेळी सगळ्यांनी गराडा घातला, चहा झाला, फोटो झाले. दुसऱ्या वेळी गेटवर नवीन वॉचमन होता, त्याने वहीत नाव, वेळ आणि 'कोणाकडे' हे लिहायला लावलं आणि गळ्यात व्हिजिटरचं कार्ड दिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. वर माझ्या जागेवर बसणारा मुलगा अगदी आदराने बोलत होता पण त्याचा एक डोळा स्क्रीनवर होता, मीटिंगची वेळ झाली होती आणि मी उठेपर्यंत तो उठू शकत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांचं मला आजही वाईट वाटतं.

जुनी माणसं सोडू नका, पण त्यांना ऑफिसबाहेर भेटा, त्यांच्या सोयीने, आणि भेटलात की कामाबद्दल सल्ला देऊ नका जोवर ते स्वतः विचारत नाहीत. ओळख करून देतानाही हेच. 'मी अमुक ठिकाणी मॅनेजर होतो' हे वाक्य तोंडात बसलेलं असतं, त्यात खोटं काही नाही, पण समोरचा त्यावर 'अच्छा' म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी हल्ली काय करता, काय शिकता ते सांगून बघा. आणि सांगण्यासारखं काही नसेल तर तेही त्याच वेळी समजतं.

घराचा ताबा घेणं

तुम्ही रिटायर झालात, घर नाही झालं. त्या घराला एवढ्या वर्षांचं स्वतःचं वेळापत्रक आहे, आणि दिवसभर घरी असणाऱ्या जोडीदाराच्या हक्काच्या वेळेत आता तुम्ही येऊन बसलेले असता. जपानमध्ये नोबुओ कुरोकावा या डॉक्टरांनी १९९१ मध्ये याला चक्क आजाराचंच नाव दिलं, नवरा रिटायर होऊन घरी बसल्यावर बायकांना होणारा त्रास: डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, ब्लडप्रेशर.

आमच्याकडे भांडण कधीच झालं नाही. झालं काय, तर बायको चप्पल घालायला लागली की मी विचारायचो, "कुठे निघालीस? कितीला येशील?" माझ्या मते ती काळजी होती. एक दिवस ती दारातच थांबली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तीस वर्षं मी जातेय-येतेय, तुम्ही आजच का विचारताय?" मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर हे होतं की ती गेल्यावर घरात माझ्याशी बोलायला कुणी नसायचं आणि मी ती परत यायची वाट बघत बसायचो. माझा सगळा दिवस मी तिच्या खांद्यावर टाकला होता.

नंतर आम्ही बसून सरळ बोललो. सकाळी दहा ते एक कुणी कुणाला काही विचारायचं नाही, एकमेकांच्या मैत्रीत आगंतुकासारखं जायचं नाही, आणि घरातली दोन कामं पूर्णपणे माझी, ती कशी करायची हे तिने सांगायचं नाही आणि बाकीची कशी व्हावीत हे मी सांगायचं नाही. ऐकायला कोरडं वाटेल, पण आमच्या घरात यानेच मोकळीक आली. हे बोलणं रिटायर व्हायच्या आधी झालं तर फारच चांगलं.

आयुष्याचं ध्येय सापडायची वाट बघणं

'आता काहीतरी अर्थपूर्ण करायचंय' असं म्हणत मी पाच महिने काहीच केलं नाही. कारण जे समोर यायचं ते पुरेसं मोठं वाटायचं नाही. आता मला वाटतं की प्रश्नच चुकीचा होता. माझ्या आयुष्याचा हेतू काय असं विचारलं की डोकं बधिर होतं. त्याऐवजी विचारायचं, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण माझी वाट बघतंय? आणि कुणीच नसेल तर अशी एक जागा आधी शोधायची, अर्थ वगैरे नंतर मागून येतो.

मी सुतारकाम शिकायला गेलो, लहानपणापासून आवड होती म्हणून. तिथे दुसरी अडचण आली, ज्याची कल्पनाच नव्हती. ३४ वर्षं लोक मला विचारायला यायचे, आणि इथे मला फळीवर आखलेल्या रेघेवरून सरळ कापता येईना. करवत रेघ सोडून डावीकडेच जायची, आणि मी ती सरळ आणायला आणखी जोर लावायचो, मग ती अडकायची. शिकवणारा मुलगा पंचविशीचा. तो म्हणाला, "सर, दाबू नका. हात नुसता पुढे-मागे न्या, कापायचं काम तिचं आहे." दोन वेळा वाटलं की सोडून द्यावं, या वयात हे कशाला. सोडलं नाही ते बरं झालं. बरेच लोक नवीन गोष्ट याच जागी सोडतात, त्यांना ती आवडत नाही म्हणून नाही तर नवशिक्या असणं सहन होत नाही म्हणून. निदान दहा-बारा वेळा जाऊन मगच ठरवा. फिलिपा लॅली यांच्या २००९च्या अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागला होता, सरासरी धरली तर ६६ दिवस. तिसऱ्या दिवशी निकाल लावायची घाई कशाला?

आता बुधवारी आणि शनिवारी सकाळी आम्ही सहा जण तिथे शाळांची मोडकी बाकं दुरुस्त करतो. माझ्याकडे निखळलेले पाय असतात, जुना सरस खरवडायचा, सांधा घट्ट बसतोय का बघायचा, नवीन सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवायचं. मागे एका बुधवारी ताप होता, कळवायचं राहून गेलं आणि दहा वीसला फोन वाजला, "सर, येताय ना? तुमच्यासाठी थांबलोय." अंगात ताप होता तरी त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

याच्या उलट चूकही होते हं. रिकामा माणूस दिसला की सोसायटी, नातेवाईक, दहा संस्था सगळे काम घेऊन येतात आणि नाही म्हणायची सवय नसते. पहिल्या सहा महिन्यांत दोनापेक्षा जास्त ठिकाणी शब्द देऊ नका, आणि देताना मुदत घालून द्या, तीन महिने करतो मग बघू.

शरीराचं थोडक्यात. ऑफिसला जाण्यायेण्यात, जिन्यांवर, मजल्यांवर जी हालचाल व्हायची ती नकळत बंद होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि ६५च्या पुढे तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. नुसतं चालणं पुरत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. आणि कान तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून अंग काढून घेतो, घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

तरीही अडलं असेल तर

दुपारी दोन-दोन तास झोप, रात्री टक्क जाग, असं चाललं असेल तर आधी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. आज वार कोणता हे आठवावं लागत असेल तर आठवड्यात दोन ठरलेल्या बाहेरच्या गोष्टी घाला, वार आपोआप परत येतात. दिवसातून चार वेळा बँकेचं खातं किंवा शेअर बघत असाल तर महिन्याचा एक दिवस ठरवा आणि मधे उघडू नका, बऱ्याचदा तो प्रश्न पैशांचा नसून रिकाम्या दुपारचा असतो.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटतंय, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलीय, किंवा संध्याकाळचं पिणं वाढत चाललंय, तर त्याला रिटायरमेंटचं कारण देऊन थांबू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जोडीदाराला बरोबर न्या, कारण आपण 'ठीक आहे' म्हणून मोकळे होतो. जगून उपयोग नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, उद्यावर टाकू नका.

आणि ज्यांचं अजून वर्ष-दीड वर्ष बाकी आहे त्यांनी ती पाच ओळींची यादी आत्ताच करा, नोकरी वजा करून. जी ओळ कोरी राहील तिच्यासाठी येत्या शनिवारपासून एक जागा बघायला लागा, कारण नोकरीत असताना नवीन ठिकाणी जाऊन अवघडल्यासारखं उभं राहणं बरंच सोपं असतं, सोमवारी परत जायला आपली जागा असते.