आधी कोपरा बघा, मग झाड आणा

‘कमी उजेडात चालतं’ असं ऐकून आपण झाड आणतो आणि थेट टीव्हीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. ते लगेच मरत नाही, महिना-दोन महिने तग धरतं. त्यामुळे जागा चुकली हे कळायलाही वेळ लागतो. कमी उजेड म्हणजे अंधार नव्हे. म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडच्या नर्सऱ्या फिरण्याआधी घरातली जागा तपासा.

सुरुवात खिडकीपासून करा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर तिची दिशा बघा. उत्तरेची खिडकी अशा झाडांना सगळ्यात सोयीची, पूर्वेचं कोवळं ऊनही चालतं. पश्चिमेकडून मात्र एप्रिल-मेमध्ये नाशिकचं दुपारचं ऊन पानं करपवतं. तिथे कुंडी चार-पाच फूट आत किंवा पातळ पडद्याआड हवी. दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन खोलवर आत येतं, तेव्हाही तेच करा.

आता सावली तपासा. माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच आहे. भर दुपारी दिवे बंद करून ठरवलेल्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. कडा ठळक दिसल्या तर उजेड भरपूर आहे. सावली धूसर, पण हाताचा आकार ओळखू येतो? मग हीच आपली जागा. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड नको. नुसत्या नजरेने ठरवू नका. अंधुक खोलीत डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि आपल्याला पुरेसं दिसतं, झाडाला तशी सोय नाही.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर माजघराचा मोह सोडा, चौकाकडे उघडणारी ओसरी बघा. फ्लॅटमध्ये समोरची इमारत किती जवळ आहे तेही मोजा, कारण उत्तम दिशेची खिडकीही भिंतीसमोर निरुपयोगी ठरते.

जागा ठरली की झाड निवडा. सगळ्यात मंद जागेला स्नेक प्लांट किंवा झीझी, जरा बऱ्या जागेला मनी प्लांट, अग्लोनिमा, पीस लिली. स्नेक प्लांट सोडता बाकीच्यांची पानं चावली तर तोंडाची आग होते, स्नेक प्लांटनेही पोट बिघडतं. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

मंद उजेडात माती हळू वाळते. बोट दोन इंच खुपसून कोरडी लागली तरच पाणी द्या. अशी झाडं कमी उजेडापेक्षा जादा पाण्यानेच अधिक मरतात.

डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा झीझी आणि अग्लोनिमा रात्री उघड्या खिडकीपासून दूर घ्या. पावसाळ्यात उलट करा, ढगाळ आठवड्यांत कुंड्या खिडकीजवळ सरकवा. दोन पानांमधलं अंतर वाढलं, नवी पानं बारकी आली किंवा मनी प्लांटचे पिवळे पट्टे हिरवे व्हायला लागले, तर झाड उजेड मागतंय. कुंडी फूटभर पुढे घ्या आणि पुढची दोन-तीन पानं कशी येतात ते बघा.