आधी यादी, मग आकडे: रेणवीय जीवशास्त्रातल्या संशोधकाचा प्रकाशन-आलेख कसा तयार करावा

एच-इंडेक्स (किमान तितकेच उल्लेख मिळालेल्या पेपरांची संख्या) किती, असे विचारले की बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडतात आणि तिथला आकडा लिहून मोकळे होतात. त्याच संशोधकाचा आकडा स्कोपस या उल्लेख मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये सहसा कमी दिसतो आणि वेब ऑफ सायन्स या तशाच दुसऱ्या डेटाबेसमध्ये आणखी कमी. यातला कोणताही आकडा खोटा नसतो. प्रत्येक ठिकाणी मोजायला घेतलेले साहित्य वेगळे असते, इतकेच. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या परीक्षणाआधी खुल्या केलेल्या प्रती), पुस्तके यांतले उल्लेखही धरतो, बाकीचे दोघे निवडक जर्नल्सवर भर देतात. म्हणून निवड समितीसाठी, निधीच्या अर्जासाठी किंवा विभागाच्या अहवालासाठी आलेख करताना सगळ्यात जास्त वेळ यादी स्वच्छ करण्यात घालवा. मोजणी नंतर अर्ध्या तासात होते.

नावांचा गुंता

पबमेड या जीववैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमध्ये आडनाव आणि आद्याक्षर टाकून शोधले तर ‘कुलकर्णी एस’ लिहिल्यावर एस व्ही, एस आर, एस डी असे सगळेच कुलकर्णी येतात, कारण पबमेड पुढची आद्याक्षरे आपोआप मोकळी ठेवते. नेमके ‘कुलकर्णी एस’ हवे असतील तर नाव अवतरणचिन्हांत घाला आणि त्यापुढे लेखकाची खूण [au] लावा. तेवढ्याने काम संपत नाही. एकच व्यक्ती एका पेपरात ‘एस’ असते आणि दुसऱ्यात ‘एस व्ही’, म्हणून दोन्ही शोध चालवून निकाल एकत्र करावे लागतात. लेखकांची पूर्ण नावे पबमेडमध्ये २००२ पासूनच्या नोंदींतच सापडतात, त्याआधीच्या पेपरांना आद्याक्षरांवरच भागवावे लागते.

आपल्याकडची एक खास चूक आहे. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. त्याच क्रमाने जर्नलच्या फॉर्ममध्ये नाव भरले की ‘पाटील सुनीता रमेश’ यांच्या नोंदीत ‘रमेश’ हे आडनाव होते आणि पेपर ‘रमेश पी एस’ या नावाखाली जातो. म्हणून वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावानेही एकदा शोध घ्या. लग्नानंतर बदललेले आडनाव, दीक्षितचे इंग्रजीतले दोन प्रकार, गावंडे-गवांदे अशी स्पेलिंगे, या सगळ्या रूपांची यादी शोध सुरू करण्यापूर्वीच कागदावर काढा.

संस्थेचे नावही बदललेले असते. १९४९ मध्ये स्थापन झालेले पुणे विद्यापीठ जुन्या पेपरांत ‘पूना’ या स्पेलिंगने सापडते, २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. मुंबई विद्यापीठाचे जुने पेपर ‘बॉम्बे’खाली आहेत. फक्त आजच्या नावाने गाळणी लावली तर सुरुवातीची सगळी वर्षे हातातून निसटतात.

ऑर्किड आधी, बाकी नंतर

ऑर्किड आयडी म्हणजे १६ अंकी ओळख क्रमांक, चार-चारच्या चार गटांत लिहिलेला. शेवटच्या जागी कधी कधी एक्स हे अक्षर असते. तो तपासणीचा अंक आहे, टाइप करताना झालेली चूक नव्हे, त्यामुळे ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली आणि आज बहुतेक मोठी जर्नल्स पेपर पाठवतानाच हा क्रमांक मागतात.

ऑर्किडमध्ये पेपर भरण्यासाठी ‘सर्च अँड लिंक’मधला क्रॉसरेफ (डीओआय नोंदवणारी संस्था) किंवा स्कोपसचा मार्ग वापरा. डीओआय म्हणजे प्रत्येक पेपराचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक. गूगल स्कॉलरमधून बिबटेक ही संदर्भांची फाइल काढून ती ऑर्किडमध्ये टाकण्याचा मोह टाळा. त्या फाइलमध्ये डीओआय नसतो, आणि ऑर्किड दोन नोंदी एकत्र जोडते ती समान ओळख क्रमांकाच्या आधारे. डीओआय नसला की एकच पेपर दोनदा दिसतो आणि पुढे संस्थेच्या यंत्रणेतही दोनदा जातो. असे आधीच झाले असेल तर त्या नोंदीत हाताने डीओआय भरा, दोन्ही नोंदी आपोआप एका गटात येतात.

प्रत्येक नोंदीची दृश्यमानताही पाहा. ‘फक्त मला’ असे ठेवलेले पेपर दुसरी कोणतीही यंत्रणा उचलू शकत नाही. ‘माझे पेपर ऑर्किडमध्ये आहेत, तरी विद्यापीठाच्या पानावर येत नाहीत’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे.

त्यानंतर स्कोपसकडे वळा. एका माणसाचे दोन-तीन लेखक क्रमांक झालेले असले तर ते जोडून घेण्याची विनंती तिथल्या लेखक-दुरुस्ती फॉर्ममधून करा. एकच पेपर वेगळ्या क्रमांकाखाली राहिला तरी एच-इंडेक्स एकाने कमी दिसू शकतो. गूगल स्कॉलरमध्ये उलटा धोका असतो. ‘आपोआप भर घाला’ हा पर्याय चालू असेल तर दुसऱ्याचे पेपर तुमच्या खात्यात येऊन बसतात. ते बंद करून ‘ईमेलने कळवा’ ठेवा.

एक ओळ, एक पेपर

आता स्प्रेडशीट करा. रकाने असे ठेवा: डीओआय, पबमेड क्रमांक, वर्ष, जर्नल, प्रकार (मूळ संशोधन, पद्धत, आढावा, पत्र), लेखकांची एकूण संख्या, संशोधकाचे स्थान, पत्रव्यवहाराचा लेखक आहे का, बरोबरीचे योगदान आहे का, आणि शेवटी तिन्ही ठिकाणची सायटेशने (म्हणजे उल्लेख) तारखेसह. डीओआयच्या रकान्यावर दुहेरी नोंदी शोधा. सगळी डीओआय लहान अक्षरांत करून घ्या, नाहीतर अक्षरांच्या फरकामुळे तुमच्या शीटमधले सूत्र दुहेरी नोंद पकडणार नाही.

प्रीप्रिंटचा प्रश्न इथे येतो. बायोआर्काइव्ह हे जीवशास्त्रातल्या प्रीप्रिंटचे संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू झाले. तिथल्या प्रतीला स्वतःचा डीओआय असतो आणि जर्नलमधल्या प्रतीला वेगळा. शीर्षकही मधल्या काळात बदललेले असते, त्यामुळे यंत्राला दोन पेपर वाटतात आणि सायटेशने दोन ठिकाणी विभागली जातात. शीटमध्ये एकच ओळ ठेवा, प्रीप्रिंटचा डीओआय वेगळ्या रकान्यात लिहा आणि पेपर मोजताना एकदाच मोजा. गूगल स्कॉलरमध्ये दोन नोंदी जोडल्या की आकड्यापुढे तारा दिसतो. त्या आकड्यात काही उल्लेख दोनदा मोजले गेले असण्याची शक्यता असते, एवढाच त्याचा अर्थ.

दुरुस्तीपत्रे आणि मागे घेतलेले पेपर लपवू नका, त्यांचीही नोंद करा. यादी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर मागे घेतलेल्या पेपरावर ठळक इशारा दिसतो. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि ती खुली आहे. ब्लॉट किंवा मायक्रोस्कोपीच्या चित्रांवर आधारलेल्या क्षेत्रात ही तपासणी प्रत्येक वेळी नव्याने करायला हवी. मागच्या वर्षीची यादी यंदा चालत नाही.

लेखकांच्या क्रमात काय दडलेले असते

रेणवीय जीवशास्त्रात पहिल्या जागेवर प्रत्यक्ष प्रयोग करणारा असतो आणि शेवटच्या जागेवर प्रयोगशाळेचा प्रमुख. मधली नावे घटत्या योगदानाने येतात. गणितात नावे वर्णानुक्रमे येण्याची रीत आहे, तिथल्या परीक्षकाला आपला क्रम कळत नाही. त्यामुळे ‘४२ पेपर’ असे न लिहिता ‘४२ पेपर, त्यांतले ९ मध्ये पहिले लेखक, १४ मध्ये शेवटचे’ असे लिहा. अशा एका वाक्यातून संशोधक हाताने काम करणारा होता, की प्रयोगशाळा चालवणारा, की इतरांना नमुने पुरवणारा, याचा अंदाज येतो. जर्नलने क्रेडिट या योगदान नोंदवण्याच्या पद्धतीतल्या १४ भूमिका छापल्या असतील तर त्याही उतरवून घ्या: संकल्पना, पद्धत, प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा, निधी मिळवणे वगैरे.

सहकार्याचा नकाशा

सहलेखकांचे जाळे काढायला लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. स्कोपसमधून सीएसव्ही उतरवताना लेखकांबरोबर संस्थांचा रकानाही निवडा, तो राहिला तर संस्थांचा नकाशा निघणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘लेखकाचे किमान ५ पेपर’ ही अट आधीच भरलेली असते. एका संशोधकाच्या यादीला ती फार कडक आहे, २ वर आणा. आपोआप २५ पेक्षा जास्त लेखकांचे पेपर गाळायचा पर्याय मात्र समजून वापरा. जीनोम प्रकल्पासारख्या संघांचे पेपर ठेवले तर शेकडो अनोळखी नावे मधोमध गोळा होतात आणि खरे सहकारी कडेला ढकलले जातात. अशा पेपरांसाठी फ्रॅक्शनल काउंटिंग निवडणे उत्तम. त्यात एका पेपराचे वजन लेखकांमध्ये वाटले जाते.

एकाच माणसाचे दोन गोल दिसले तर थिसॉरस फाइल करा. साध्या मजकूर फाइलमध्ये दोन रकाने, मध्ये टॅब: पहिल्यात चुकीचे रूप, दुसऱ्यात ठेवायचे रूप.

नकाशात न दिसणारे सहकार्यही असते. प्लाझ्मिड, प्रतिपिंड, उंदरांची जात देणाऱ्यांची नावे आभारात असतात. ती वाचून हाताने वेगळी यादी करा. पबमेडमध्ये मोठ्या संघांचे सदस्य लेखकांऐवजी ‘कोलॅबोरेटर’ म्हणून नोंदलेले असतात. त्यांना लेखक म्हणून मोजणे चूक आहे.

आता आकडे

एच-इंडेक्स २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: ११२, ६४, ४१, २२, १५, ९, ८, ८, ५, ३. आठव्या पेपराला ८ सायटेशने आहेत आणि नवव्याला ५, म्हणून एच-इंडेक्स ८. दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर ५, म्हणून आय-टेन ५. पहिल्या पेपराला ११२ ऐवजी ११,२०० सायटेशने असती तरी एच ८च राहिला असता. हा आकडा एका मोठ्या शोधाला न्याय देत नाही आणि नव्या संशोधकाला तर मुळीच देत नाही. कारकीर्दीची वर्षे आणि मधला खंड त्याच्याशेजारी लिहाच.

स्वतःच्या उल्लेखांशिवायचा आकडाही द्या. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये फक्त त्या लेखकाचे किंवा सगळ्या सहलेखकांचे उल्लेख वगळता येतात. कोणते वगळले ते लिहा, दोन्हींत बराच फरक पडू शकतो.

क्षेत्राच्या तुलनेसाठी एनआयएचचे (अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे) आयसाइट हे साधन वापरा. पबमेड क्रमांकांची यादी चिकटवली की प्रत्येक पेपराचा सापेक्ष सायटेशन दर मिळतो. १.० म्हणजे त्या क्षेत्रातल्या एनआयएच-निधीच्या मध्यावरच्या (मीडियन) पेपराइतका. ताज्या पेपरांचा दर तात्पुरता असतो, तो अर्जात मिरवू नका.

पद्धतीचे पेपर वेगळे दाखवण्याचा आग्रह का, ते तीन उदाहरणांनी कळते. प्रथिन मोजण्याचा लाउरी यांचा १९५१ चा पेपर, लेम्ली यांचा जेलवरचा १९७० चा पेपर आणि ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा पेपर हे जगातल्या सर्वाधिक उल्लेखलेल्या पेपरांत आहेत. लाउरींचा आकडा तीन लाखांच्या वर गेला. त्याच शास्त्रात डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा पेपर उल्लेखांत त्यांच्या खूप मागे आहे, कारण जे सगळ्यांना ठाऊक झाले त्याचा संदर्भ कोणी देत नाही. पद्धत वापरली की मात्र संदर्भ द्यावाच लागतो.

इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ८५’ असे लिहिण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. ती काढून टाका. हा आकडा जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या उल्लेखांची सरासरी आहे, तुमच्या पेपराशी त्याचा संबंध नाही. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, म्हणजे डोराने, संशोधकाचे मूल्यमापन असे करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीखेरीज दुसऱ्या कोणी दिलेला ‘ग्लोबल’ वगैरे इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलच्या पानावर दिसला तर त्या जर्नलची कसून चौकशी करा. मान्य जर्नल्सची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ही जबाबदारी आता लेखकावर आणि संस्थेवरच आहे.

शेवटी अर्जात जाणारी ओळ अशी असावी: ‘४२ पेपर (पहिले लेखक ९, शेवटचे १४), स्कोपसनुसार सायटेशने इतकी, स्वतःची वगळून इतकी, एच-इंडेक्स इतका, पाहिल्याची तारीख.’ त्याखाली पाच निवडक पेपर आणि प्रत्येकात संशोधकाने नेमके काय केले त्याच्या दोन ओळी. त्या दिवशी उतरवलेली सीएसव्ही फाइल नावात तारीख घालून जपून ठेवा. मुलाखतीत कोणी फोनवर वेगळा आकडा दाखवला तर तीच समोर ठेवता येते.