शेअरचे जुने भाव: आधी भाव कोणता ते ठरवा, मग आकडेमोड करा

कंपनीच्या शेअरचे जुने भाव मिळवणं आता मुळीच अवघड राहिलेलं नाही. कंपनीचं चिन्ह (बाजारातलं तिचं छोटं अक्षरी नाव) टाका, तारखा निवडा, फाइल उतरवून घ्या. एवढ्याशा कामावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करणारे लेख ढिगानं सापडतात आणि जिथे खरी फसगत होते तिथे मात्र 'समायोजित (म्हणजे मागाहून सुधारून घेतलेला) भाव वापरा' एवढं सांगून पुढे सरकतात. कधी वापरायचा, कधी अजिबात वापरायचा नाही, आपल्या फाइलमधला भाव तसा आहे हे ओळखायचं कसं, यावर कुणी बोलत नाही.

आधी प्रश्न लिहून काढा

'हा शेअर कसा चालला?' या प्रश्नाला उत्तर नाही. त्या तारखेला एका शेअरला प्रत्यक्ष किती मोजावे लागत होते, हा एक प्रश्न. त्या दिवशी घेऊन आजवर ठेवणाऱ्याचे पैसे किती पट झाले, हा दुसरा. वाटेत त्याला किती घसरण सोसावी लागली, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर एका रकान्यात असतं, बाकी दोघांचं दुसऱ्या.

फाइलचे रकाने

तारीख, खुला भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि किती शेअरचे व्यवहार झाले तो आकडा. दीर्घ मुदतीच्या अभ्यासाला बंद भाव पुरतो.

समायोजन: इथे घाई करू नका

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. कारण फाइल स्वतःहून काही सांगत नाही. रकान्यावर नुसतं 'क्लोज' लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ डेटा पुरवठादारागणिक बदलतो.

एक दिवस जवळून बघू. शुक्रवारी, २८ ऑगस्ट २०२० ला, ॲपलचा शेअर ४९९.२३ डॉलरवर बंद झाला. सोमवारी, ३१ ऑगस्टला, बंद भाव होता १२९.०४ डॉलर. कच्च्या आकड्यांवर टक्केवारी काढलीत तर एका सत्रात ७४ टक्के घसरण दिसते. पण त्या सोमवारपासून एका शेअरचे चार झाले होते, म्हणजे शेअरचं विभाजन झालं होतं. ४९९.२३ ला चारनं भागलं की १२४.८१ येतात, म्हणजे त्या दिवशी शेअर जवळपास ३.४ टक्के वर गेला होता. विभाजन विचारात घेतलं नाही, तर कमावलेला दिवस सर्वनाशाचा दिसतो, आणि तो एक आकडा तुमच्या सगळ्या सरासऱ्या नासवतो.

हे टाळण्यासाठी डेटा पुरवणारे विभाजनाआधीचे सगळे भाव त्याच प्रमाणात खाली आणतात आणि व्यवहार झालेल्या शेअरचा आकडा त्याच प्रमाणात वाढवतात. ॲपलची विभाजनं पाच: १९८७, २००० आणि २००५ मध्ये एकाचे दोन, २०१४ मध्ये एकाचे सात, २०२० मध्ये एकाचे चार. गुणाकार होतो २२४. म्हणून डिसेंबर १९८० मध्ये २२ डॉलरला विकलेला शेअर आजच्या तक्त्यावर दहा सेंटच्या आत दिसतो. 'तेव्हा ॲपल दहा सेंटला मिळत होता' हे वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं आणि ते साफ चुकीचं आहे. दहा सेंटला तो कुणालाही मिळाला नाही. घेणाऱ्यानं २२ डॉलरच मोजले. त्या एका शेअरचे पुढे २२४ झाले.

उलटही घडतं. जनरल इलेक्ट्रिकनं २०२१ च्या जुलैअखेरीस आठ शेअरचा एक केला आणि भाव १३ डॉलरच्या आसपासवरून एकदम शंभरच्या पुढे गेला. कुणाच्याही खिशात एक पैसाही वाढला नव्हता.

विभाजनापर्यंत बहुतेकांच्या लक्षात येतं. गोची होते ती लाभांशाशी. लाभांशाच्या एक्स-तारखेपासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून त्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानं खाली उघडतो. भागधारकाचं नुकसान काहीच नाही. तेवढी रक्कम रोखीनं त्याच्या हाती येणार असते. नोव्हेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा शेअर ३० डॉलरच्या आसपास होता आणि शेअरमागे ३ डॉलरच्या विशेष लाभांशाची एक्स-तारीख आली. कच्च्या तक्त्यावर तिथे जवळपास दहा टक्क्यांचा खड्डा आहे. बातमी ठाऊक नसलेला माणूस त्या खड्ड्याची कारणं शोधत बसतो.

लाभांशाचं समायोजन हातानं एकदा तरी करून बघा. वाचून ते डोक्यात बसत नाही. एक्स-तारखेच्या आदल्या दिवशीचा बंद भाव २०० आणि लाभांश ४ असेल, तर ४ भागिले २०० म्हणजे ०.०२, आणि १ वजा ०.०२ म्हणजे ०.९८. त्या तारखेआधीचे सगळेच्या सगळे भाव ०.९८ नं गुणायचे. पुढचा लाभांश आला की नवा गुणक, पुन्हा सगळ्या मागच्या भावांना. वीस वर्षं नियमित लाभांश देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हे गुणक एकावर एक चढत जातात आणि अगदी सुरुवातीचे भाव प्रत्यक्षातल्या भावापेक्षा खूपच खाली जातात.

आता आपली फाइल कोणती ते ओळखा. याहू फायनान्सवर 'क्लोज' हा विभाजनापुरताच समायोजित असतो आणि 'ॲडजस्टेड क्लोज' विभाजन आणि लाभांश दोन्हींसाठी. ही पद्धत सगळीकडे आहे असं मात्र गृहीत धरू नका. माझी खात्री करण्याची रीत साधी आहे: विभाजनाची एक ठाऊक असलेली तारीख काढायची आणि तिच्या आदल्या दिवशीचा भाव बघायचा. ॲपलच्या फाइलमध्ये २८ ऑगस्ट २०२० ला ४९९ दिसले तर भाव कच्चा, १२४.८१ दिसले तर विभाजनापुरता समायोजित, त्याहून कमी दिसले तर लाभांशही धरलेला. ही पडताळणी केल्याशिवाय मी एकही सूत्र लिहीत नाही, आणि तुम्हीही लिहू नका.

कंपनीचा एखादा व्यवसाय वेगळा काढून त्याचे शेअर भागधारकांना दिले जातात तेव्हाही मूळ शेअरचा भाव खाली येतो. जनरल इलेक्ट्रिकनं आरोग्य व्यवसाय जानेवारी २०२३ मध्ये आणि ऊर्जा व्यवसाय एप्रिल २०२४ मध्ये असाच वेगळा केला. अशा घटना पुरवठादार वेगवेगळ्या रीतीनं हाताळतात. तिथे आंधळा विश्वास नको. आधीचे-नंतरचे आठ-दहा दिवस डोळ्यांनी तपासा.

आणखी एक, आणि यावर मी हटून बसतो: समायोजित भाव कायम राहत नाही. पुढच्या लाभांशाला कालपर्यंतचा सगळा इतिहास पुन्हा बदलतो. म्हणून मागच्या वर्षी उतरवलेल्या फाइलखाली यंदाच्या ओळी कधीही चिकटवू नका. दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त सांध्यावर खोटी घसरण तयार होते. दरवेळी पूर्ण फाइल नव्यानं उतरवा आणि तिच्या नावात उतरवल्याची तारीख घाला.

समायोजित भाव कुठे चालत नाही

शेअरचा भाव त्याच्या तेव्हाच्या मिळकतीच्या किती पट होता हे काढताना. ३१ डिसेंबर २०१९ ला ॲपलचा बंद भाव २९३.६५ डॉलर होता आणि सप्टेंबर २०१९ ला संपलेल्या आर्थिक वर्षातली शेअरमागची मिळकत ११.८९ डॉलर. भागाकार सुमारे २४.७. आजच्या फाइलमध्ये त्या दिवशी ७३.४१ दिसतात. ते तेव्हाच्या अहवालातल्या ११.८९ नं भागलेत तर सहाच्या थोडं वर येतं आणि जगातली सगळ्यात चर्चेतली कंपनी मातीमोल भावात मिळत होती असा निष्कर्ष निघतो. भाव आणि मिळकत दोन्ही एकाच शेअरसंख्येवर आणा. जुनी खरेदी किंमत दाखवायची असेल, तेव्हाही प्रत्यक्ष मोजलेला भावच हवा.

चिन्ह तपासा

तेच चिन्ह म्हणजे तीच कंपनी असं नसतं. जुनी जनरल मोटर्स २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच चिन्हाखाली नोंदली गेलेली कंपनी कायद्यानं वेगळी आहे. दोन्हींचे भाव जोडून काढलेल्या परताव्याला काही अर्थ नाही.

आकडेमोड

रोजचा परतावा: आजचा समायोजित भाव भागिले कालचा, वजा १. वार्षिक चक्रवाढ दर: शेवटचा भाव भागिले पहिला, त्याचं वर्षांच्या संख्येइतकं मूळ (१० वर्षांसाठी दहावं मूळ), वजा १. १०० चे १० वर्षांत ४०० झाले असतील तर दर सुमारे १४.९ टक्के, ३०० टक्क्यांना दहानं भागून ३० टक्के सांगणाऱ्याचं पुढचं काही वाचू नका.

दीर्घ मुदतीचा तक्ता लॉग मापावर काढा, म्हणजे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच उंचीची दिसते. साध्या मापावर १० चे २० होणं आणि २०० चे २१० होणं सारखंच दिसतं, जरी पहिल्यात पैसे दुप्पट झाले आणि दुसऱ्यात पाच टक्केच वाढले.

घसरण मोजायला एक जादा रकाना पुरतो: त्या दिवसापर्यंतचा सर्वोच्च भाव. आजचा भाव त्यानं भागून १ वजा करा. हा रकाना मला परताव्याच्या आकड्याहून मोलाचा वाटतो. ॲमेझॉनचा शेअर डिसेंबर १९९९ च्या शिखरापासून २००१ पर्यंत ९० टक्क्यांहून जास्त खाली आला होता. ९० टक्के घसरलेल्या शेअरला मूळ जागी यायला दहापट व्हावं लागतं. एकूण परतावा सांगणारे ती दोन वर्षं गाळून टाकतात, पण शेअर धरून बसलेल्याला ती काढावीच लागतात.

निर्देशांकाशी तुलना करताना दोन्ही बाजूंना लाभांश धरा किंवा दोन्हींकडे सोडा. एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाचा रोज बातम्यांत येणारा आकडा लाभांश धरत नाही. त्याची लाभांशासह आवृत्ती वेगळी मिळते. लाभांशासह शेअर आणि लाभांशाविना निर्देशांक अशी जोडी लावून 'बाजाराला हरवलं' म्हणणं अप्रामाणिक आहे.

अनेक कंपन्यांवर एखादा नियम तपासून बघायचा असेल तर आजच्या निर्देशांकातली नावं घेऊन मागे जाऊ नका. आज यादीत असलेल्या कंपन्या तगल्या म्हणूनच यादीत आहेत, त्यामुळे कुठलाही नियम लावा, निकाल छानच दिसतो. २००० सालापासून तपासणी करायची असेल तर यादी २००० सालची शोधा. अमेरिकी बाजाराची घेतली असेल आणि तिच्यात २००१ मध्ये दिवाळखोरीत गेलेली एन्रॉन नसेल, तर ती यादी बाजूला ठेवा आणि दुसरी मिळवा.