मरीन टँकसाठी पाणी: किचनचा आरओ चालेल का?

मरीन टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिश टँक. त्यासाठी सगळ्यात आधी टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) पेन मीटर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो, आणि नळाचं पाणी मोजा. ते न करता फिल्टर बघायला जाऊ नका.

किचनच्या आरओचं पाणी चालेल का, तर बहुतेक वेळा नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात मिनरल कार्ट्रिज असतं किंवा टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून मीटरवर ५०-१०० दिसतं. यूव्ही आणि यूएफचा इथे काही उपयोग नाही, विरघळलेले क्षार त्याने निघत नाहीत. मी सुरुवातीला हेच पाणी वापरलं, वाळूवर तपकिरी थर चढायला लागला, मी आपला दोष लाइटचा समजून लाइट बदलत बसलो.

मुळात टँकमधून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ आणि बाकी सगळं आतच राहतं. रोज २ लिटर टॉप-अप १०० टीडीएसच्या पाण्याने केला तर वर्षभरात ७३ ग्रॅम कचरा साठतो, आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असलं की शेवाळाची चंगळ. तांबं असेल तर कोरल, कोळंबी, गोगलगायी गेल्याच समजा, म्हणून पाण्याच्या वाटेत पितळी फिटिंगही नको.

घ्यायचं ते आरओ-डीआय: आधी ५ मायक्रॉनचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, मग कार्बन (क्लोरीन मेंब्रेनला खातं म्हणून हा आधी), मग आरओचं मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आणि शेवटी डीआय रेझिन (क्षार धरून ठेवणारे दाणे). मेंब्रेन साधारण ९५ टक्के क्षार काढतं, उरलेले रेझिन पकडतं, मीटरवर ० यायला हवं.

आता नळाचं माप का घेतलं ते. पालिकेचं धरणाचं पाणी ८० असेल तर मेंब्रेननंतर ४ उरतात, पण सोसायटीत बोअर किंवा टँकरचं ८०० आलं तर ४० उरतात, म्हणजे रेझिन साधारण दहापट लवकर संपतं आणि खरा खर्च तिथेच आहे. बोअरवाल्यांनी म्हणून चांगलं मेंब्रेन आणि भरपूर रेझिन मावेल असं मोठं डीआय हाउसिंग घ्यावं, पालिकेवाल्यांना साधं युनिट पुरतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की परत मोजा.

साइज म्हणाल तर ७५ जीपीडी (गॅलन दर दिवशी) पुरे, दिवसाला २८० लिटरच्या आसपास, घरच्या टँकला एवढं लागतही नाही. पण हा आकडा ५०-६० पीएसआय दाबाला असतो, आणि गच्चीवरची टाकी डोक्यावर ३ मीटर असेल तर दाब जेमतेम ४-५ पीएसआय मिळतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बूस्टर पंप धरूनच बजेट करा. दाब कमी असला की पाणी नुसतं कमी येत नाही, टीडीएसही वाढलेला येतो.

संपत आलं की रंग बदलणारं रेझिन घ्या, पण रंगावर विसंबू नका, मीटर लावत जा. युनिट बंद राहिल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी खराब येतं, ते डीआयमध्ये न पाठवता सोडून द्या, रेझिन वाचतं.

एका बादलीमागे साधारण तीन बादल्या पाणी बाहेर जातं, ते लादी पुसायला, संडासात वापरा. बोअरचं असेल तर कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार अजून घट्ट झालेले असतात.