बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला नवीन बोल्ट नॉब कसा बसवायचा

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे-पुढे ओढायचा जो भाग असतो तो बोल्ट, आणि त्याच्या हँडलच्या टोकाचा गोळा म्हणजे बोल्ट नॉब. कंपनीकडून येणारा हा नॉब बऱ्याच रायफलींवर छोटा आणि गुळगुळीत असतो, कोरड्या हाताने टेबलाशी बसून मारताना काही जाणवत नाही पण हातमोजे घातले किंवा बोटं ओली असली की तोच नॉब सटकायला लागतो आणि मग प्रत्येक गोळीनंतर डोकं स्कोपवरून उचलून हात कुठाय ते बघावं लागतं. मोठा नॉब बसवला की तळहात भरून पकड मिळते, नजर न हलवता पुढचं काडतूस भरता येतं. नेम त्याने सुधारत नाही, हे आधीच सांगतो. फायदा पकडीचा आणि वेगाचा.

नॉब विकत घ्यायच्या आधी एक तपासणी मात्र कराच. बरेच लोक मोठा नॉब घेतात कारण बोल्ट उचलायला जड जातो. तर रिकाम्या रायफलवर बोल्ट उचलून बघा. रिकामा असतानाही जड असेल तर बहुतेक वेळा साफसफाई आणि ग्रीसचा प्रश्न असतो, कारण आजच्या बहुतेक रायफलींमध्ये हँडल वर उचलतानाच फायरिंग पिनची (काडतुसावर ठोका मारणाऱ्या सुईची) स्प्रिंग दाबली जाते, तो कॅमचा उतार (पिनला मागे ढकलणारा तिरपा भाग) आणि लॉकिंग लगची (बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणाऱ्या दातांची) मागची बाजू पुसून थोडं ग्रीस लावलं की खूप फरक पडतो. पण रिकामा असताना हलका आणि गोळी मारल्यावर मात्र जड, असं होत असेल तर थांबा. हे काडतुसाचं प्रेशर जास्त असल्याचं लक्षण असू शकतं किंवा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) घाण असेल, मोठ्या नॉबने ती ताकद फक्त तुम्हाला जाणवायची बंद होईल, दुखणं तसंच राहील. ते काडतूस वापरणं बंद करा आणि रायफल जाणकाराला दाखवा, नॉबचं नंतर.

आता तुमच्या रायफलचं हँडल कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. काही हँडलना आटे आधीच पाडलेले असतात आणि नॉब फिरवून निघतो, रुगर प्रिसिजन रायफल हे त्याचं चांगलं उदाहरण. काहींमध्ये नॉब आणि हँडल एकच तुकडा असतो, जसं माउझर ९८ किंवा होवा १५००. रेमिंग्टन ७०० वरही नॉब हँडलचाच भाग असतो, आणि तिथे हँडल बोल्टच्या नळीला ब्रेझिंगने (मध्ये दुसरा धातू वितळवून) जोडलेलं असतं, हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे. तुमच्या भागात रायफलमध्ये असे बदल स्वतः करायला परवानगी आहे का आणि वॉरंटीचं काय होतं तेही आधीच विचारून घ्या.

काम सुरू करताना मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बोल्ट बाहेर काढून रायफल बाजूला ठेवून द्या, सगळं काम एकट्या बोल्टवरच करायचंय.

बोल्ट व्हाइसमध्ये धरताना सगळ्यात जास्त चुका होतात. बोल्टची नळी कधीच धरायची नाही, हँडलची दांडी धरायची आणि तीही नॉबच्या जितकी जवळ जमेल तितकी. नळी धरून नॉबला जोर लावलात तर सगळा पीळ हँडलच्या जोडावर जातो, आणि ब्रेझिंग केलेला जोड अशा वेळी सुटू शकतो. व्हाइसच्या जबड्यांना चामडं किंवा अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे लावा, नाहीतर फिनिशवर दात उमटतील. जुना नॉब साधारणपणे घड्याळाच्या उलट दिशेने निघतो. नाही निघाला तर त्यात थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) भरलेलं असणार, लाल रंगाचं असेल तर ते अंदाजे २५० अंश सेल्सिअसला सैल होतं. गरम करायचंच असेल तर फायरिंग पिन आणि स्प्रिंग आधी बोल्टमधून बाहेर काढा, हँडलच्या मुळाशी ओलं फडकं गुंडाळा आणि उष्णता फक्त नॉबलाच द्या. लग आणि कॅमपर्यंत आंच पोचली तर तिथल्या पोलादाचा कडकपणा (हार्डनिंग) बिघडतो. नॉब प्लास्टिकचा असेल तर आंच द्यायचीच नाही.

नवीन नॉबचे आटे जुळतात का हे नुसतं बघून कळत नाही. सगळ्यात जास्त चालणारं माप ५/१६-२४ आहे, म्हणजे व्यास ७.९४ मिमी आणि इंचाला २४ आटे. एम८ चा व्यास ८ मिमी, डोळ्याला दोन्ही सारखेच, पण साध्या एम८ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी आणि याचा जेमतेम १.०६. चुकीचा नॉब एक-दोन फेरे आरामात जातो आणि मग अडकतो, तिथे पाना लावून रेटलं की आटे गेलेच. थ्रेड गेज लावून बघा, आणि बरोबर नॉब असेल तर तो नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा.

मग आटे अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण कोरडे करा, तेलाचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर नीट धरत नाही. निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर एक थेंब पुरतं. लाल वापरू नका, पुढे कधी नॉब बदलावासा वाटला तर पुन्हा तेच तापवायचं काम मागे लागेल. हाताने घट्ट करा, वर थोडासा पीळ द्या, बस. नॉबचा आकार एका बाजूला झुकलेला असेल आणि तो वाकडा थांबत असेल तर खाली पातळ वॉशर टाकून दिशा जुळवता येते. २४ तास तसंच राहू द्या.

आटे नसलेल्या हँडलसाठी दोन तुकड्यांचे नॉब मिळतात, ते जुन्या नॉबवर बसवून ग्रब स्क्रूने (डोकं नसलेल्या स्क्रूने) कसायचे असतात. दोन्ही बाजूचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा नाहीतर नॉब तिरका बसतो. पक्कं काम हवं असेल तर जुना नॉब कापून दांडी लेथवर घेऊन आटे पाडावे लागतात, आणि हे माझ्या मते घरी करायचं कामच नाही. हँडल तिरकं असतं, ते लेथमध्ये सरळ धरायला खास फिक्स्चर लागतं, आणि हाताने डाय फिरवून पाडलेले आटे हमखास वाकडे जातात. बंदुकीचं काम करणाऱ्या कारागिराकडे द्या.

शेवटची तपासणी घाईत उरकू नका. रिकाम्या रायफलमध्ये बोल्ट घालून पूर्ण बंद करा आणि नॉब व दस्ता (खांद्याला टेकवायचा रायफलचा भाग, स्टॉक) यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा, ती मोकळी फिरली पाहिजे. नॉब दस्त्याला टेकत असेल तर हँडल पूर्ण खाली जात नाही, म्हणजे लग पूर्ण बसत नाहीत, आणि फायरिंग पिनची थोडी ताकद बोल्ट फिरवण्यातच खर्च होऊन प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाच्या पेटणाऱ्या टोपीवर) मार हलका पडू शकतो. अशा रायफलने गोळी मारायची नाही, छोटा नॉब लावा किंवा दस्ता थोडा कोरून घ्या. मग हँडल पूर्ण वर उचला आणि स्कोपच्या मागच्या भागाला तुमची बोटं घासतात का ते बघा, रेमिंग्टन ७०० सारख्या ९० अंश उचलणाऱ्या बोल्टवर हा त्रास जास्त, टिक्का टी३ एक्सवर ७० अंशच असल्याने कमी. हातमोजे घालूनही करून बघा. डमी काडतुसं भरून भराभर बोल्ट चालवा, आणि रायफल ज्या केसमध्ये ठेवता ती बंद होते का तेही बघून घ्या, लांब नॉबमुळे फोममध्ये हँडलवर दाब येतो.

रेंजवर जायच्या आधी नॉब आणि दांडी दोन्हींवरून पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. पहिल्या काही गोळ्यांनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर नॉब सैल होतोय, काढून आटे पुन्हा साफ करा आणि नवीन थ्रेडलॉकर लावा.