रूटचं लॉगिन बंद करण्याआधीची तयारी

लिनक्स सर्व्हरवर एसएसएचवरून (म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीतून) थेट रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, येणं बंद करायचं, तर 'एसएसएचडी_कॉन्फिग' या सेटिंगच्या फाइलीत बदल एका ओळीचा आहे: 'परमिटरूटलॉगिन नो'. तयारीला मात्र अर्धा दिवस धरा, आणि शुक्रवारी संध्याकाळी हे काम काढू नका.

आधी प्रत्येक ॲडमिनचं स्वतःच्या नावाचं खातं आहे ना, ते बघा. चौघं मिळून एकच रूट पासवर्ड वापरत असतील तर लॉगमध्ये चौघंही रूटच दिसतात. रात्री दोन वाजता डेटाबेस कोणी बंद केला, हे मग कळत नाही. माझ्या लेखी हा बदल करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. दुसरं कारण असं, की रूट हे नाव जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असतंच, त्यामुळे बाहेरच्याला फक्त पासवर्ड ओळखायचा उरतो. ही खाती डेबियन-उबुंटूवर 'सुडो' गटात आणि रेड हॅटच्या कुळात 'व्हील' गटात घाला, म्हणजे त्यांना 'सुडो' या आज्ञेने गरजेपुरते रूटचे अधिकार वापरता येतात. किल्ल्या (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइली) बसवा, 'डॉट एसएसएच' फोल्डरला ७०० आणि आतल्या किल्ल्यांच्या फाइलला ६०० परवानगी द्या, म्हणजे ती फक्त मालकापुरती राहते. मग प्रत्येकाला आपापल्या लॅपटॉपवरून आत येऊन सुडो चालवून दाखवायला सांगा. "चालतंय माझं" एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

माणसांनंतर स्क्रिप्ट. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवरून रूटनेच येत असतो आणि तो कोणाच्या लक्षात नसतो. डेबियन-उबुंटूवर 'ऑथ डॉट लॉग', रेड हॅटवर 'सिक्युअर' या फाइलींत रूटची यशस्वी लॉगिनं शोधा; डेबियन १२ पासून ही फाइल मुळात नसते, तिथे 'जर्नलसीटीएल' आज्ञेने बघा. महिनाअखेरीला एकदाच चालणारी कामं असतात, म्हणून कॉम्प्रेस करून ठेवलेले जुने लॉगही उघडा. सापडेल त्या प्रत्येक कामाला वेगळं खातं द्या. अगदीच जमलं नाही तर 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली' हा पर्याय आहे: रूटची किल्ली चालते, पण तिला बांधून दिलेल्या आज्ञेपुरतीच.

क्लाउडचा किंवा डेटा सेंटरचा कन्सोल (एसएसएचशिवाय थेट सर्व्हरच्या पडद्यावर नेणारी सोय) आजच उघडून बघा, त्यावरून लॉगिन होतंय का तेही. एसएसएचची ही ओळ कन्सोलला लागू होत नाही, म्हणून अडचणीत तोच आधार.

सेटिंगमध्ये लोक दोन ठिकाणी फसतात. ओपनएसएसएच ७.० पासून, म्हणजे २०१५ पासून, मूळ सेटिंग 'प्रोहिबिट-पासवर्ड' आहे. त्याने रूटचा पासवर्ड बंद होतो, किल्ली चालूच राहते. आणि एकच सेटिंग दोनदा आली तर पहिली धरली जाते. उबुंटूवर 'एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी' या जोडफोल्डरमधल्या फाइली मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच वाचल्या जातात, त्यामुळे तिथे हीच सेटिंग असेल तर मुख्य फाइलीत खाली लिहिलेलं 'नो' वाया जातं. 'एसएसएचडी'ला, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रामला, मोठा 'टी' पर्याय देऊन प्रत्यक्षात काय लागू आहे ते वाचा. छोटा 'टी' चुका तपासतो.

मग सेवा रीलोड करा. जुनं सत्र चालू राहतं, ते बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आधी स्वतःच्या नावाने आत येऊन सुडो चालवा, मग रूटने प्रयत्न करून नकार मिळतोय ना ते बघा. तुमच्या लॅपटॉपवर 'कंट्रोलमास्टर' (एकच एसएसएच जोडणी पुन्हा वापरण्याची सेटिंग) चालू असेल तर नवी खिडकी जुन्याच जोडणीवरून आत जाते आणि काहीच तपासलं जात नाही. त्यामुळे ही चाचणी ते बंद करून, शक्यतो सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा बॅकअप झालाय का, तेवढं बघा.