शेततळ्यातल्या रोहू-कटल्याची पाठ भरायची तर खाद्य कसं बनवावं

इंदापूरकडच्या आमच्या भागात प्लॅस्टिक कागद अंथरलेली शेततळी पुष्कळ. रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली की बहुतेक जण शेंगपेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा टाकतात. कागदावर हिशेब जमतो: पेंडीत साधारण ४२ टक्के प्रथिनं, कोंड्यात १२, मिश्रणात २७. रोहू-कटल्यासारख्या कार्प माशाला २५ ते ३० लागतात. तरी मासा लांबडा होतो, पाठ काही भरत नाही.

अडतं ते लायसिनपाशी. हे एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक. मांस बांधायला दहा अमिनो आम्लं खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यातलं एक कमी पडलं की बांधणी तिथेच थांबते. बाकीची नुसती जळतात आणि त्यांचा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. पेंडीचे पैसे गेले, वर पाणीही बिघडलं! शेंगपेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन्ही अमिनो आम्लं तोकडी. मातीच्या तळ्यात किडे आणि प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) ही तूट थोडीफार भरतात; कागदाच्या तळ्यात तो आधार फार कमी.

म्हणून पेंडी एकमेकींना पूरक निवडा. सोयात लायसिन चांगलं, मेथिओनिन कमी. तिळाच्या पेंडीत नेमकं उलटं. फिशमीलमध्ये (सुक्या माशांच्या भुकटीत) दोन्ही असतात, पण ते महाग, म्हणून बेतानं. १०० किलोसाठी माझं माप असं: सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) ३५, फिशमील १०, तिळाची पेंड १०, कोंडा ३०, मक्याचा भरडा १३, खनिज मिश्रण २. प्रथिनं जवळपास ३० टक्के येतात.

घरचं कच्चं सोयाबीन भरडून मात्र घालू नका, त्यातला एक घटक प्रथिनांचं पचनच अडवतो. डीओसीला कारखान्यात उष्णता दिलेली असते. सरकी पेंडही नको. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य लायसिनला बांधून ठेवतं. आणि शेंगपेंड वापरणारच असाल तर पोत्यात हात घालून तळापर्यंत बघा. हिरवट बुरशी, कुबट वास आला की अख्खं पोतं बाजूला काढा. या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, माशाचं यकृत खातं.

रोहू-कटल्याला जठर नसतं, त्यामुळे एकदम मारा करून उपयोग नाही. दिवसाचं खाद्य दोन-तीन वेळांत वाटा. छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगलं की मासे टोचून टोचून खातात, पीठ वाया जात नाही. प्रमाण माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के: २०० ग्रॅमचे ५०० मासे असतील तर २ ते ३ किलो. थंडीत पाणी गार झालं की भूक मंदावते, तेव्हा निम्म्यावर आणा.

महिन्यातून एकदा जाळं टाकून थोडे मासे तोला आणि एक चिरून बघा. आतड्यांभोवती पांढऱ्या चरबीचा थर दिसला, तर वजन पोटात चाललंय. अशा वेळी मका कमी करून तेवढी डीओसी वाढवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चिरून बघा.